परसातला जाम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्च-एप्रिलमध्ये बाजारात पांढरे, हिरवट, गुलाबी जाम दिसू लागतात आणि ज्यांच्या परसात जामाचं झाड आहे त्यांच्या तक्रारीही तेव्हाच सुरू होतात. फुलं गळतात, फळं पाणचट लागतात, आत अळ्या निघतात. यातल्या बहुतेक तक्रारींत दोष झाडाचा नसतो.

जाम हा सफरचंदाचा प्रकार नव्हे. जांभूळ आणि लवंग हे त्याचे जवळचे नातलग, पेरूही त्याच कुळातला. मूळ मलाय द्वीपसमूहाकडचं, म्हणजे उष्ण-दमट हवेचं हे झाड. म्हणून कोकणात ते सुखानं वाढतं. देशावरही येतं, पण तिथे उन्हाळाभर पाणी आणि कोरड्या वाऱ्यापासून आडोसा द्यावा लागतो. फळाची चकाकी त्याच्या सालीचीच असते, वरून मेण चोपडलेलं नसतं.

'एकटं झाड फळत नाही, नर-मादी जोडी लागते' हेही खरं नाही. जामाच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. एका झाडाला भरपूर फळं येतात. मात्र बी रुजवून लावलं तर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते आणि फळ कसं निघेल याची खात्री नसते. गुटी कलम घ्या, दोन-तीन वर्षांत फळ दिसतं. वेळेवर छाटणी केली तर मोठ्या ड्रममध्येही झाड आटोपशीर राहतं.

झाडाखाली पांढरा सडा पडला की रोग आला असं वाटतं. त्यातले बहुतेक पांढरे तंतू म्हणजे पुंकेसर असतात, फूल उमलून गेल्यावर ते गळणारच. काही कोवळी फळंही झाड स्वतःहून टाकतं. फवारणीची काहीच गरज नसते.

लाल जाम गोड आणि पांढरा बेचव, हा समज बाजारात पक्का झाला आहे. रंग जातीवर अवलंबून असतो. पांढरे, हिरवट जामही उत्तम गोड असतात. गोडी ठरते ती घोसात किती फळं आहेत, हवा किती थंड आहे आणि पाणी कसं दिलं यावर. तैवानमधल्या पिंगटुंग भागातले बागायतदार झाडं काही आठवडे काळ्या जाळीनं झाकून मोहोराची वेळ बदलतात आणि हिवाळ्यात फळ घेतात, कारण थंडीत पिकलेला जाम अधिक रंगतो आणि गोड होतो. आपल्याला एवढा खटाटोप नको. घोसात तीन-चार फळं ठेवून बाकीची लहान असतानाच काढली, तरी फरक कळतो. हात धजत नाही, पण हे करायलाच हवं. ओल कायम राखा, मात्र फळ भरताना माती वाळू देऊन मग एकदम पाणी सोडलं की फळं तडकतात.

'जाम म्हटला की अळी असायचीच' या समजापायी लोक चांगल्या झाडाचा नाद सोडतात. अळी फळमाशीची. माशी पिकू लागलेल्या फळाला टोचून सालीखाली अंडी घालते. नीट पाहिलं तर सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, मग तिथली साल मऊ पडून खचते आणि फळ गळतं. मिथाईल युजेनॉलचा सापळा टांगला की काम झालं असं नव्हे. त्यात फक्त नर अडकतात; अंडी घालणारी मादी मोकळीच राहते. खात्रीचा उपाय म्हणजे फळ बोराएवढं झालं की घोसावर कागदी किंवा न विणलेल्या कापडाची पिशवी बांधणं. खाली पाणी निथळायला छिद्र ठेवा. गळलेली फळं रोज वेचून, बंद पिशवीत घालून उन्हात टाका, नाहीतर त्यातल्या अळ्या मातीत कोश करतात आणि पुढची पिढी तयार होते. पिकत्या फळावर कीटकनाशक मारू नका. साल पातळ असते आणि आपण ती खातो.

जांभळाचा लौकिक जामालाही चिकटवून 'जामानं साखर उतरते' असं सांगितलं जातं. जामात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं, म्हणून तो हलका आणि तहान भागवणारा. त्याला औषध समजून गोळ्या बंद करू नका.

आणखी एक, जाम आंब्यासारखा अढीत पिकत नाही. काढताना जेवढा गोड, तेवढाच राहतो. त्यामुळे पूर्ण पिकल्यावरच देठासकट उतरवा, आपटू देऊ नका आणि दोन-चार दिवसांत संपवा.