डॉब्सन की ब्रुअर?

नगरहून एस.टी.ने पुण्याला गेलात की शिवाजीनगरला घड्याळाच्या मनोऱ्याची एक दगडी इमारत दिसते. तिचं नाव 'सिमला ऑफिस', कारण १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्य ऑफिस सिमल्याहून इथे आलं. या खात्याने पुण्यात ओझोन मोजायला डॉब्सन आणि ब्रुअर अशी दोन्ही यंत्रं वापरली आहेत. (यांना मराठीत 'वर्णपटमापी' म्हणतात. आम्ही कॉन्व्हेंटवाले, हा शब्द मला शब्दकोशात शोधावा लागला!)

तत्त्व दोन्हींचं एकच. ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषतो, पण सगळे सारखे नाही. ३०५.५ नॅनोमीटरचा किरण जास्त अडतो, ३२५.४ चा कमी. खाली पोचलेल्या दोघांचं गुणोत्तर काढलं की वर ओझोन किती ते कळतं. ३०० डॉब्सन युनिट म्हणजे काय? तो सगळा ओझोन जमिनीलगतच्या दाबाला आणि शून्य अंशाला आणला, तर थर फक्त ३ मिलीमीटरचा!

डॉब्सनचा जन्म १९२० च्या दशकातला. आपल्या लॅबमधला व्हीटस्टन ब्रिज आठवा. तसंच इथे मीटर शून्यावर येईपर्यंत माणूस हाताने डायल फिरवतो. १९८० च्या दशकात बाजारात आलेला ब्रुअर मात्र मोटरने स्वतःच सूर्यामागे वळतो, पाच तरंगलांब्यांवर फोटॉन मोजतो आणि सल्फर डायऑक्साइड वेगळा काढतो. डॉब्सन त्यालाही थोडाफार ओझोनच समजतो.

आणि धूळ? आपल्या नगरी उन्हाळ्यात ती काय चीज आहे ते होस्टेलवाल्यांना सांगायला नको. धूळ आणि धुरकट हवा डॉब्सनचं माप कसं बिघडवते, यावर रामनाथन आणि करंदीकर या आपल्या शास्त्रज्ञांचा पेपर १९४९ मध्येच आला होता. १९५७ पासून एकाऐवजी दोन जोड्यांनी मोजायची पद्धत रूढ झाली, त्यामुळे धुळीचा परिणाम बराचसा कटतो.

मग ब्रुअरच भारी? तसं नाही. सूर्य खाली गेला की साध्या ब्रुअरमध्ये भटका प्रकाश शिरतो आणि ओझोन कमी दिसतो. उलट डॉब्सनच्या गणितात ओझोनचं तापमान कायम उणे ४६ अंश धरलेलं, खरं तापमान ऋतूप्रमाणे बदलतं. म्हणून शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांतही एक-दोन टक्के फरक पडू शकतो.

एक-दोन टक्के म्हणजे किरकोळ वाटेल. पण ओझोन सावरतोय तोच मुळी दहा वर्षांत टक्क्याच्या आसपास! मधेच यंत्र बदललं आणि दोन्ही काही काळ शेजारी चालवली नाहीत, तर आकाश बदललं की यंत्र, हेच कळणार नाही. म्हणून जगभरची डॉब्सन यंत्रं अधूनमधून एकत्र आणून ताडून बघतात. सगळ्यांचा मापदंड अमेरिकेतलं ८३ नंबरचं यंत्र, आणि त्याची स्वतःची परीक्षा हवाई बेटांवर, मौना लोआच्या स्वच्छ हवेत होते.