शर्यत उरते, काम जाते

जानेवारीच्या मध्यावर भोगी, पोंगल आणि गुराढोरांचा माट्टु पोंगल पार पडला, की चौथ्या दिवशी चेन्नई घराबाहेर पडते. हा काणुम पोंगल. चिंचेचा भात, दहीभात आणि उसाची कांडकी पिशवीत भरून कुटुंबंच्या कुटुंबं बस, रिक्षा, टेम्पो मिळेल त्यात बसून समुद्र गाठतात. कुणी मरीनावर थांबतात, कुणी पूर्व किनारा मार्गाने दक्षिणेला निघतात. मुट्टुकाडूची होडी, दक्षिणचित्र, रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ साली उभारलेली मगरींची ‘क्रोकोडाइल बँक’ आणि पुढे महाबलीपुरम, अशी ही वाट. कोवलम या वाटेवर, शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर येतं. २०२१ साली ‘ब्लू फ्लॅग’ मिळवलेला तमिळनाडूतला हा पहिला किनारा.

इथल्या हिवाळ्यात दुपारी तापमान तिशीला टेकतं, तरी सण हिवाळ्याचाच. मरीनावर पोलीस लहान मुलांच्या मनगटाला पट्टी बांधतात आणि तिच्यावर आईबापांचा फोन नंबर लिहितात. समुद्रात उतरायला त्या दिवशी मनाई असते, त्यामुळे लाखोंची गर्दी वाळूत बसून लाटा पाहते. साधारण त्याच सुमारास मदुराईजवळच्या अलंगनल्लूरला जल्लीकट्टूचे बैल वाडीवासलच्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर झेपावत असतात, आणि कोवलमला निघालेल्या अनेक घरांतल्या टीव्हीवर तेच चाललेलं असतं.

थंडीतला सण, घरादाराची सहल आणि जनावरांची धाव हे त्रिकूट जगात बऱ्याच ठिकाणी सापडतं. अलास्कात त्याला कुत्र्यांच्या घसरगाडीचं रूप आहे. १९२५ च्या जानेवारीत नोम या बर्फाने वेढलेल्या गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी हातोहात प्रतिविष पोहोचवलं. हजार किलोमीटरांहून अधिक अंतर त्यांनी साडेपाच दिवसांत तोडलं. टपाल, औषधं, शिकारीचं मांस, सगळं या कुत्र्यांच्या जिवावर चालायचं. पुढे विमान आलं, मग इंजिनाची बर्फगाडी आली आणि खेड्यांतल्या अंगणांतून कुत्री दिसेनाशी झाली. ती आणि त्यांची जुनी वाट टिकावी म्हणून जो रेडिंग्टन यांनी खटपट केली. १९७३ साली अँकरेजहून नोमपर्यंतची ‘इडिटरॉड’ शर्यत सुरू झाली ती त्यातून. शर्यत सुरू झाली, तोवर कुत्र्यांचं काम संपत आलं होतं.

आपल्याकडे बर्फगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला, एवढाच फरक. नांगर, मोट, मळणी, बाजाराची गाडी, एकेक काम खिल्लार बैलाच्या मानेवरून उतरलं. शर्यत मात्र राहिली. जानेवारीत अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला शंकरपट भरतो. रायगडात अलिबाग, मुरुडच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या ओल्या वाळूत गाड्या पळतात. पुणे जिल्ह्यात निमगावच्या खंडोबासारख्या यात्रांत घाट भरतो. निशाण पडलं की पुढे घोडी, मागे बैल आणि हलका गाडा चढावर सुटतो. लाउडस्पीकरवरून ‘भिर्रर्र’ घुमतं, बारी काही सेकंदांत संपते आणि त्या सेकंदांवर ‘घाटाचा राजा’ ठरतो. अशा बैलाला दूध, अंडी, खारीक-बदामाचा खुराक मिळतो, लाखांनी बोली लागते. शेतात राबणाऱ्या त्याच्या आजोबाला असलं काही मिळालं नव्हतं.

तमिळनाडू आणि महाराष्ट्र या प्रश्नावर एकाच खटल्यात सापडले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यत दोन्ही बंद केल्या. बैलाच्या शरीराची ठेवण घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, तो भीतीने आणि वेदनेने पळतो, हा निकालाचा गाभा होता. जानेवारी २०१७ मध्ये याच चेन्नईच्या मरीनावर हजारो तरुण या बंदीविरोधात दिवसरात्र ठाण मांडून बसले. बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या. २१ जानेवारीला वटहुकूम निघाला आणि दोनच दिवसांत विधानसभेने कायदा केला. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला, पण तो मुंबई उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

शर्यतीच्या बाजूने दोन्हीकडे एकच मुद्दा मांडला जातो: खेळ राहिला तरच तिकडचा कांगेयम बैल राहील, इकडचा खिल्लार राहील. रेडिंग्टन हेच म्हणत होते. मुद्दा खोटा नाही, पण अर्धा आहे. शर्यत जात टिकवते ती वेगापुरती. पळणाऱ्या खोंडाला भाव येतो, मंद निघालेल्या खोंडाला ना शेत उरतं ना घाट.

घसरगाडीच्या कुत्र्यांचं उलटं टोक चेन्नईतच पाहायला मिळतं. सायबेरियन हस्की इथे फ्लॅटमध्ये वातानुकूलित यंत्राखाली वाढते. तिला ना बर्फ, ना गाडी, ना शर्यत. तिच्या वाट्याला आहे तो नुसता शौक. तमिळनाडूच्या २०२४ च्या श्वानपैदास धोरणाने हस्की, मॅलम्यूट अशा इथली हवा न मानवणाऱ्या जातींच्या पैदाशीला मज्जाव केला आणि राजपाळयम, चिप्पिपारै, कन्नी, कोंबै या देशी जातींना जवळ केलं. जनावर कोणत्या मातीत, कोणत्या हवेत धावायला घडलं आहे, हा प्रश्न या धोरणाने निदान विचारला.

काम जाऊन खेळ उरणं कोवलममध्ये माणसांच्या बाबतीतही घडलं आहे. इथल्या कोळ्यांची पोरं पूर्वी कट्टुमरम या लाकडी तराफ्यावर लाटा ओलांडायला शिकत. फायबरच्या मोटरबोटी आल्यावर त्या कसबाची गरज घटली. मूर्ती मेगवन हा इथलाच कोळी. लाकडी फळीवर लाट पकडणाऱ्या या माणसाने २०१२ साली अरुण वासू यांच्या साथीने सर्फिंगची शाळा काढली आणि पुढच्या वर्षापासून सर्फिंगचा महोत्सव भरू लागला. लाटेची जाण पोटासाठी होती, ती खेळात आली. मात्र फळीवर चढायचं की नाही, हे इथे पोरगं स्वतः ठरवतं.

बैलाला आणि कुत्र्याला ही मुभा नाही, म्हणून त्यांच्या वतीने नियम लागतात. इडिटरॉडमध्ये प्रत्येक कुत्र्यामागे आठ पायमोजे बाळगणं सक्तीचं आहे. वाटेत पशुवैद्य असतात, थकलेलं कुत्रं मुक्कामावर उतरवून विमानाने परत पाठवलं जातं. तरीही प्राणिमित्र त्या शर्यतीवर टीका करतात आणि ती करायलाच हवी. आपल्या नियमांतही हजार मीटरची मर्यादा आहे, चाबूक-काठीला बंदी आहे, वैद्यकीय तपासणी आहे. ते सगळं पहिल्या येणाऱ्या जोडीवर कॅमेरे असताना पाळलं जातं. पोरंबाळं घेऊन जत्रेला जावं, घाटावर ओरडावं. पण शेवटी आलेली जोडी संध्याकाळी कुठे बांधली, तिला वैरण-पाणी कोणी दिलं आणि पुढच्या वर्षी ती कुठे असेल, हे आयोजकांना विचारणारा एक तरी प्रेक्षक त्या गर्दीत हवा.