कालव्याची कसोटी टेलला

कालव्याचे पाणी पंपाशिवाय वाहते. त्याला पुढे नेतो तो फक्त जमिनीचा उतार. म्हणून नदीपेक्षा उंचावरून, डोंगरकडेने वळसे घेत, जवळजवळ समपातळीत कालव्याची आखणी करतात. मग कालवा आणि नदी यांच्यामधली जमीन आपोआप त्याच्या हुकमतीत येते. तेच त्याचे लाभक्षेत्र. उतार जास्त दिला तर प्रवाह तळ आणि काठ खरवडतो, शिवाय कालवा लवकर खाली उतरतो आणि भिजणारी जमीन घटते. फार कमी दिला तर गाळ बसतो. वाटेत ओढा आडवा आला की जलसेतू बांधावा लागतो. मुख्य कालव्यातून वितरिका, त्यातून लघुवितरिका, तिच्यावर विमोचक, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, आणि विमोचकातून शेतचारी, असे ते पाणी वाटले जाते. हे सगळे बांधकाम अभियंत्याच्या हिशेबाने होते. पण विमोचकाच्या खाली एकाच चारीवर अनेक शेतकरी असतात आणि तिथून पुढचा हिशेब माणसांचा असतो. कालवा चालतो की नाही, हे या खालच्या हिशेबावर ठरते, आणि त्याची कसोटी चारीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलला लागते, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण कालव्याच्या रचनेतच आहे. पाणी आधी मुखाजवळच्या शेताला भेटते. तिथल्या शेतकऱ्याने पाळी संपल्यावरही दार उघडे ठेवले, तर त्याचा लगेच काही तोटा होत नाही. तोटा होतो तो खालच्या माणसाचा. म्हणून शेजपाळीचा, म्हणजे ओळीने पाण्याच्या पाळ्या लावण्याचा, नियम उलटा आहे: आधी टेल भिजवायचे आणि मग वर सरकायचे. नियम शहाणपणाचा आहे, पण रात्री चारीवर पाटकरी, म्हणजे पाणी देणारा माणूस, नसेल तर तो कागदावरच राहतो. दोन-तीन आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या फेऱ्या, कोरडी गेली की टेलचा शेतकरी पाणीअर्ज भरणे सोडतो, पाणीपट्टी थकते, चाऱ्यांत गवत आणि गाळ माजतो, आणि मग दार व्यवस्थित लावले तरी पाणी शेवटपर्यंत पोचत नाही.

वरच्याचाही यात फायदा होतो असे नाही, आणि याला नीरा डाव्या कालव्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर, भाटघर धरणाच्या आधारावर १८८५ मध्ये हा कालवा सुरू झाला. हेतू दुष्काळापासून संरक्षणाचा होता. पण पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याला पाण्याची गरज वाटेना आणि कालव्याचा खर्च निघेना. उसाने ती अडचण सोडवली आणि दुसरी उभी केली. ऊस बारा ते अठरा महिने जमिनीत राहतो; त्याच्या एका हेक्टरला लागणाऱ्या पाण्यात रब्बी ज्वारीचे चार-पाच हेक्टर सहज निघतात. भारी काळ्या जमिनीत पाण्याच्या पाळ्यांवर पाळ्या देत गेल्याने भूजलाची पातळी वर आली, क्षार पृष्ठभागावर आले, आणि ज्या रानांनी आधी भरघोस पीक दिले तीच चोपण, म्हणजे खारवट, होऊन पडीक पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आणलेल्या ब्लॉक पद्धतीमागे हाच विचार होता: उसाला ठराविक हिस्सा, बाकी हंगामी पिके, आणि पाणी जास्त गावांत पसरलेले. कोणाच्या वाट्याला किती, हे आधी ठरले की वरची जमीनही वाचते.

ही कल्पना आपल्याकडे त्याहून जुनी आहे. खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून चालवलेली फड पद्धत शेकडो वर्षे टिकली. लाभक्षेत्राचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पिके फडाफडांत फिरवायची. नेमलेला पाटकरी पाणी देणार आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा हे गावाने ठरवायचे. पाणी कोण देणार आणि किती देणार, हे दोन्ही प्रश्न त्यात आधीच सुटलेले होते.

शेतकरी हे पाणीवाटप स्वतः सांभाळू शकतील का, अशी शंका अनेकांना येते. गावचे राजकारण शिरेल आणि दांडगाच पाणी नेईल, असे ते म्हणतात. शंका खरी आहे. पण सरकारी खात्याच्या हाती असतानाही दांडगाच पाणी नेतो. फरक एवढाच की तेव्हा दाद कोणाकडे मागायची हे कळत नाही. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात पाणीवापर संस्था उभ्या केल्या. मोजून पाणी घ्यायचे, पैसे संस्थेने गोळा करायचे, विहिरींतले पाणीही हिशेबात धरायचे. पुढे सगळ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन संस्थांच्या हाती आले. राज्याच्या २००५ च्या कायद्याने घनमापन पद्धतीने कोटा, पीक निवडीचे स्वातंत्र्य आणि संस्थांच्या संचालक मंडळात मुख, मध्य व टेल या तिन्ही भागांना जागा दिली. ही शेवटची तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण जो तहानलेला आहे तो बैठकीत असल्याशिवाय त्याची पाळी कोणी राखत नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढी खटपट कशाला, कालव्यांऐवजी बंद नळ टाका. झिरपणारे पाणी वाचेल, हे बरोबर. पण त्यातले काही झिरपून लाभक्षेत्रातल्या विहिरींनाच जाते, आणि नळाचा व्हॉल्व्ह मुखाजवळच्याने उघडा ठेवला तर टेलला पुन्हा कोरडेच. उरतो तो शहरांच्या पाण्याचा प्रश्न. खडकवासल्याचे पाणी पुण्याला जास्त लागू लागले तशी दौंड-इंदापूरकडच्या आवर्तनांवर कात्री चालली. शहराला पाणी द्यावेच लागेल. पण संस्थेच्या हाती घनमीटरमध्ये लिहिलेला कोटा आणि तिच्या दारावर चालू मापक असेल, तर काय कापले ते आकड्यांत दिसते आणि त्याची भरपाई मागता येते. मापक बंद पडला की तोंडी तक्रारच उरते, म्हणून मापकांच्या दुरुस्तीचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहिला गेला पाहिजे.