ब्रेक किंचाळतो, तेव्हा नुसते पॅड बदलून भागत नाही

जबलपूरच्या सराफ्यातून गाडी काढायची म्हणजे पाय सतत ब्रेकवर. कमानिया गेट आणि बडा फुहारा यांच्या आसपासची ही जुनी बाजारपेठ. दोन्ही अंगांना दागिन्यांची दुकाने, मध्ये स्कूटर, रिक्षा आणि खरेदीला आलेली माणसे. गाडी चार हात सरकते, थांबते आणि दर वेळी पुढच्या चाकातून ‘कीऽऽच’ असा आवाज येतो. लोक वळून बघतात, आतली मंडळी ओशाळतात. हमरस्त्यावर काचा लावून पळणाऱ्या गाडीत हाच आवाज कोणाच्या कानी पडला नसता. तेव्हा गर्दीचे आभारच मानायला हवेत!

प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो. पावसाळ्यात रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी पहिल्या काही ब्रेकमध्ये तो घासून निघतो. आवाज दिवसभर चालू राहिला, तर मात्र चाक खोलून बघावे. बऱ्याच पॅडना पोलादाची एक लहान पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला टेकून किंचाळते. खरखरीत, घासल्याचा आवाज आला तर पॅडचे अस्तर संपून धातूवर धातू घासतो आहे, असे समजावे. मग गाडी चालवूच नये.

नव्या पॅडचे अस्तर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असते. ३ मिलिमीटर उरले की बदलायची वेळ झाली. इथवर सारे सोपे. पण कधी कधी एकाच चाकातला आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा निघतो. घाईत नवा जोड बसवला जातो, आवाज बंद होतो, मालक खूश. काही महिन्यांनी पुन्हा तीच रड, पुन्हा तोच खर्च.

दोष पॅडचा नसतोच. आज घरोघरी दिसणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर रेटतो आणि त्याच जोराने कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला डिस्ककडे ओढतो. पिनांवरचे रबर फाटून आत पाणी-धूळ गेली, की पिना गंजून अडकतात. कॅलिपर सरकत नाही आणि झीज एकाच पॅडच्या वाट्याला येते. म्हणून गाडी गॅरेजमध्ये देताना काढलेले चारही पॅड दाखवायला सांगावे. तिथेच निम्मे निदान होते.

पिना स्वच्छ करून त्यांना ब्रेकसाठीचेच, उष्णता सोसणारे ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. पॅडच्या अस्तराला मात्र ग्रीसचे बोटही लागू नये. पॅड डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते. डिस्कची जाडीही मोजून घ्यावी. आतली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या अस्तरांत ॲसबेस्टॉस असे.

हौसेने घरी काम करणाऱ्यांनी नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडी ठेवू नये, खाली भक्कम स्टँड लावावा. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत सोडू नये. नवे जाड पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट तळाला जाते. गाडी जागची हलवण्याआधी ते कडक होईपर्यंत दाबत राहावे आणि टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. पहिले दोन-तीनशे किलोमीटर, अगदीच वेळ आली नाही तर, करकचून ब्रेक लावू नये.