गाड्यावर गोड, घरी कडू

जुन्या जालन्यात कुणी आजारी पडलं, की भेटायला येणाऱ्याच्या हातात मोसंबीची पिशवी असतेच. गांधी चमनजवळच्या गाड्यावर उभ्याउभ्या घेतलेला मोसंबीचा ज्यूस गोड लागतो. तोच बाटलीत भरून कुंडलिका नदीपलीकडे नव्या जालन्यात नेला आणि संध्याकाळी आजीला दिला, तर पहिल्याच घोटाला तिचं तोंड वाकडं होतं. बोल मात्र गाडेवाल्याला!

खरं तर फळ पिळलं तेव्हा तो रस कडू नव्हताच. मोसंबीच्या गरात कडू न लागणारा एक पदार्थ असतो. फळ शाबूत असतं तोवर तो आम्लापासून वेगळा राहतो. पिळताना पेशी फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही तासांत त्याचं 'लिमोनिन' होतं. ते भलतंच कडू. लिटरभर रसात सहा मिलिग्रॅमच्या आसपास असलं तरी जीभ ओळखते. साध्या पाण्यातली साखर कळायला मात्र लिटरमागे काही ग्रॅम लागतात.

एवढी तफावत का? गोड म्हणजे पोटाला आधार, कडू म्हणजे बहुधा वनस्पतीतलं विष. ते चिमूटभर असतानाच कळायला हवं. म्हणून गोडासाठी मुख्यतः चव टिपणाऱ्या ग्राहकांची (रिसेप्टर) एकच जोडी, तर कडूसाठी सुमारे पंचवीस प्रकारचे ग्राहक आपल्याकडे आहेत. ते चवकळ्यांतल्या पेशींवर बसलेले असतात. जिभेवर गोड पुढे आणि कडू मागे दाखवणारा शाळेतला नकाशा चुकीचा आहे. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाला जिभेच्या भागांत फक्त किंचित फरक आढळले होते. पुढच्या चित्रांनी ते फुगवले. गोड, आंबट, खारट, कडू आणि १९०८ मध्ये जपानी संशोधक इकेदांनी ओळखलेली उमामी, या पाचही चवी चवकळ्या असलेल्या सगळ्या भागांत कळतात. तिखट ही चव नव्हे; मिरची उष्णता आणि वेदना सांगणाऱ्या नसांना चेतवते. आयुर्वेदाने मात्र तिखटाला सहा रसांत बसवलं आणि त्याला नाव दिलं 'कटू'. कडूला म्हटलं 'तिक्त'.

जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने लिमोनिन थांबत नाही. फळ पुरतं पिकलं, की झाड त्या मूळ पदार्थाला साखरेचा रेणू जोडतं आणि मग कडूपणा उमटत नाही. कोवळ्या फळात हे काम अर्धवट राहिलेलं असतं. बियांत तर लिमोनिन भरपूर. आजीसाठी पिकलेली मोसंबी न्यावी, बी न चिरडता घरीच पिळावी आणि पेला लगेच तिच्या हाती द्यावा.