आवराआवरीचा कर्ता कोण?

कांहीं प्रश्न इतके साधे असतात कीं, त्यांचें उत्तर आपणांस ठाऊकच आहे अशी आपली खात्री असते. आणि तेच प्रश्न कोणी समोर बसून विचारले म्हणजे जिभेला कुलूप पडतें. ‘तुम्ही टापटिपीचे आहां काय?’ हा त्यांतलाच एक. ह्या एका प्रश्नानें आमच्या घरांत जी खळबळ उडवून दिली ती सांगण्यासारखी आहे. कारण परदेशीं शिकावयास जाऊं इच्छिणारा मुलगा किंवा मुलगी आतां पुष्कळ सुशिक्षित घरांतून असते, आणि त्या मुलाची खोली आवरणारें कोणी तरी माणूसहि त्याच घरांत असतें.

ज्या परीक्षेंत हा प्रश्न येतो ती आयेल्ट्स ह्या नांवानें ओळखली जाते. ब्रिटिश कौन्सिल, केंब्रिज विद्यापीठाचा परीक्षा-विभाग आणि मूळची ऑस्ट्रेलियांतील आय. डी. पी. ही संस्था, अशा तिघांच्या भागीदारीनें ती चालते. १९८९ सालापासून ती ह्या नांवानें चालूं आहे. ऐकणें, वाचणें, लिहिणें व बोलणें अशीं तिचीं चार अंगें. प्रत्येकास ९ पर्यंत श्रेणी, आणि श्रेणींत अर्ध्याअर्ध्याचा फरक. बोलण्याची परीक्षा अवघी ११ ते १४ मिनिटांची असते व ती ध्वनिमुद्रित होते. पहिलीं चार-पांच मिनिटें परीक्षक घर, अभ्यास, आवडीनिवडी, संवयी अशा ओळखीच्या गोष्टींविषयीं विचारतो. मग एका कार्डावर विषय देऊन, विचारास एक मिनिट सवड देऊन, दोन मिनिटांपर्यंत एकट्यानें बोलावयास सांगतो. आणि शेवटीं त्याच विषयाच्या अनुषंगानें थोडी गंभीर चर्चा होते. टापटिपीचा प्रश्न यावयाचा तो बहुधा पहिल्या भागांत. वस्तु जागच्या जागीं ठेवावयास तुम्हांस आवडतें काय? लहानपणीं खोली आवरावयास आईवडील सांगत काय? अशा धर्तीचे हे प्रश्न.

येथें एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत घ्यावी. परीक्षक टापटिपीस गुण देत नाहीं. गुण चार गोष्टींचे, आणि चारहींचें वजन सारखें: बोलण्याचा ओघ व सुसंगति, शब्दसंपत्ति, व्याकरणाचा आवांका व शुद्धता, आणि उच्चार. ‘माझ्या खोलींत पाऊल ठेवावयास जागा नसते’ असें सांगणाराहि उत्तम श्रेणी मिळवूं शकतो. असें असतांना मुलें येथें अडखळतात कां?

माझ्या पुतण्याची हकीकत सांगतें. मुलगा हुशार. इंग्रजी शाळेंत शिकलेला, पुढें यंत्रशास्त्राचा पदवीधर. प्रवेश देऊं करणाऱ्या विद्यापीठाची अट अशी कीं, परीक्षेच्या प्रत्येक अंगांत निदान ६ श्रेणी पाहिजे. तो सांगलीहून पुण्यास जाऊन एका शिकवणीच्या वर्गांत दोन महिने बसला व चाळीस प्रश्नांचीं तयार उत्तरें लिहिलेली एक वही घेऊन आला. तींत टापटिपीचेंहि उत्तर होतें. आपण स्वभावतःच ‘मेटिक्युलस’ असून आपली खोली सदैव ‘स्पिक ॲन्ड स्पॅन’ असते, असें त्यांत मोठ्या थाटानें लिहिलेलें होतें. परीक्षेंत तो प्रश्न आला, आणि स्वारीनें उत्तर घडाघड म्हणून दाखविलें. तेव्हां परीक्षिकाबाईंनीं सौम्यपणें विचारलें कीं, शेवटची खोली आवरलीत ती केव्हां, आणि प्रथम काय आवरलेंत? वहींत हा प्रश्न नव्हता. पुतण्या थांबला, मग ‘ॲक्च्युअली’ म्हणाला, मग पुन्हां थांबला. तो थांबा पुढील प्रश्नांतहि त्याच्या मानेवर बसून राहिला. निकालांत इतर अंगांस ७ च्या पुढें श्रेणी आली, बोलण्यास मात्र ५.५. त्या वर्षाचा प्रवेश हुकला.

घरांत कोणी वर्गाला दोष दिला, कोणी परीक्षिकाबाईंना. मीं तीस वर्षें मुलींच्या शाळेंत इंग्रजी शिकविलें आहे. म्हणून एका संध्याकाळीं मीं त्याला समोर बसविलें व म्हटलें, ‘‘वही मिटून ठेव. तुझी खोली कशी असते तें मला इंग्रजींत सांग पाहूं.’’

‘‘माय रूम इज क्लीन्ड एव्हरी डे,’’ तो म्हणाला.

‘‘आणि कपडे?’’

‘‘दे आर वॉश्ड ॲन्ड फोल्डेड.’’

‘‘पुस्तकें?’’

‘‘दे आर केप्ट ऑन द शेल्फ.’’

खोली झाडली जाते, कपड्यांच्या घड्या घातल्या जातात, पुस्तकें फळीवर ठेविलीं जातात! तीनहि वाक्यें शुद्ध, आणि तीनहि कर्मणि प्रयोगांतलीं. मीं विचारलें, ‘‘बाळ, ह्या वाक्यांतला कर्ता कोठें गेला?’’ तो हंसला. पण लगेच गप्प झाला. कारण पलीकडच्या खोलींत त्याची आई, माझ्या मोठ्या जाऊबाई, दोरीवरून काढलेल्या त्याच्याच शर्टांच्या घड्या घालीत बसल्या होत्या, आणि दार उघडें होतें.

कर्ता ठाऊक नसला, किंवा तो सांगण्याची गरज वाटत नसली, म्हणजे इंग्रजी बोलणारा असा प्रयोग करतो, हें आपण शाळेंत शिकलों आहों. आमच्या घरांत कर्ता ठाऊक नव्हता असें नाहीं. तो सांगण्याची गरज आजवर कोणास वाटली नव्हती. मुलगा परीक्षेंत अडखळला तो इंग्रजीच्या अभावीं नव्हे. जें काम आपल्या हातांनीं कधीं केलें नाहीं त्याचा तपशील मनांत नसतो. आणि तपशील मनांत नसला म्हणजे कोणत्याहि भाषेंत चार वाक्यांपलीकडे माणसास बोलतां येत नाहीं.

आपल्या मराठीकडेच पाहा. केर काढणें, झटकणें, पुसणें, आवरणें, घडी घालणें, रचणें, निवडणें, टांगणें, लावून ठेवणें, इतकीं निरनिराळीं क्रियापदें एका घरकामासाठीं कशाला? तीं कामें करणाऱ्या हातांना त्यांतला भेद कळत होता म्हणून. आमच्या आजेसासूबाईंच्या फडताळांत दिवे गेले असतां हात घातला तरी मिठाचा सट मिठाच्या जागीं व हळदीचा डबा हळदीच्या जागीं सांपडे. त्यांना ‘मेटिक्युलस’ हा शब्द ठाऊक नव्हता. पण ‘तुमची मांडणी कशी लावतां?’ असें कोणी विचारतें, तर त्या पाऊण तास न अडखळतां बोलल्या असत्या.

मग आम्हीं इंग्रजी शब्दांचा विचार केला, आणि तेथेंहि गंमत आढळली. आपलें एकच ‘ठेवणें’ इंग्रजींत दोन ठिकाणीं विभागलें जातें. वस्तु उचलून एखाद्या जागीं ठेवण्याची जी एकदांची क्रिया तिला ‘पुट’ म्हणावें. ती तेथें नेहमीं राहूं देणें, जपणें, ह्याला ‘कीप’. आपलीं मुलें मराठीवरून ‘कीप द बुक ऑन द टेबल’ असें सरसकट म्हणतात, तेथें ‘पुट’ पाहिजे असतें. वापरलेली वस्तु परत जागेवर ठेवणें हें ‘पुट बॅक’, पसरलेलें उचलून आंत ठेवणें हें ‘पुट अवे’. तसेंच ‘क्लीन’ व ‘टायडी’ हे एक नव्हेत. मळ नसणें हें पहिलें, पसारा नसणें हें दुसरें. स्वच्छ पुसलेल्या खोलींतहि पसारा असूं शकतो. उच्चारांतहि खांचखळगे आहेत. ‘कबर्ड’ ह्या शब्दांत लिहिलेला ‘प’ बोलावयाचा नसतो. ‘क्लोद्झ’ म्हणजे अंगावरचे कपडे व ‘क्लॉथ्स’ म्हणजे फडकीं, हा भेद न पाळला तर आपण फडकीं घालून हिंडतों असा अर्थ निघावयाचा.

‘टायडी’ ह्या शब्दाचें कूळ तर मोठें बोधप्रद आहे. तो ‘टाइड’ ह्या जुन्या शब्दापासून झालेला. टाइड म्हणजे मुळांत वेळ. भरती-ओहोटीस तें नांव मागाहून मिळालें. ‘टायडी’चा पहिला अर्थ ‘वेळेवर होणारें’, ‘समयोचित’ असा होता. ‘व्यवस्थित’ हा अर्थ नंतरचा. आमच्या आजेसासूबाई ‘जागच्या जागीं’ म्हटलें कीं त्याला ‘वेळच्या वेळीं’ जोडल्यावांचून राहत नसत, त्याची मला त्या वेळीं आठवण झाली. पसारा म्हणजे दुसरें काय? वेळच्या वेळीं न केलेलें काम.

एवढें झाल्यावर मीं पुतण्यास तयारीचा उपाय सांगितला. वही कपाटांत जाऊं दे, आणि कपाट तूं आवर. रोज अर्धा तास स्वतःची खोली, आणि रविवारीं माळा. हात चालत असतांना जें करीत आहेस तें मोठ्यानें इंग्रजींत बोलावयाचें. शब्द अडला तर मला विचारावयाचा.

जाऊबाईंना हें रुचलें नाहीं. ‘‘परीक्षेच्या तोंडावर मुलाच्या हातीं केरसुणी देतेस? मी काय हातपाय मोडून पडलें आहे?’’ असें त्या मला म्हणाल्या, आणि दोन दिवस आमच्यांत बेतास बात बोलणें झालें. त्यांचा राग मला समजत होता. ज्या कामाचें कोणी नांवहि काढीत नव्हतें, तें काम हातचें जातांना मात्र जणूं आपली जागाच जाते असें वाटतें. तिसऱ्या दिवशीं त्या आपण होऊन त्याच्या खोलींत गेल्या. त्यानें घातलेल्या घड्या पाहून त्यांना हंसूं आवरेना. ‘‘अरे, बाह्या आधीं मागें घ्याव्या,’’ म्हणून त्यांनीं एक शर्ट घडी करून दाखविला. तो इंग्रजींत बोलत होता, त्या मराठींत चुका काढीत होत्या, आणि मी दारांत उभी राहून ऐकत होतें. माळ्यावर पितळी डबे, मुठीवेगळी झालेली छत्री, दीरांच्या शाळेंतल्या वह्या असें पुष्कळ निघालें. त्यांतलें काय ठेवावें व काय टाकावें ह्यावर आईलेकांचा चांगला तासभर वाद झाला. आमचे दीर मुकाट्यानें पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून वाचून झालेलीं वर्तमानपत्रें ते स्वतः उचलून ठेवूं लागले. त्याबद्दल कोणी कांहीं बोललें नाहीं.

दोन महिन्यांनीं तो पुन्हां परीक्षेस बसला. ह्या खेपेस टापटिपीचा प्रश्न सरळ आला नाहीं. घराविषयीं विचारलें, आणि तुम्ही घरांत कोणतें काम करतां, असें पुढें आलें. त्यानें सांगितलें कीं, खरें म्हणाल तर वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत माझी टापटीप माझ्या आईची होती. आतां थोडी माझी झाली आहे. मग माळ्याची हकीकत सांगितली. परीक्षेंत सत्यास गुण नाहींत, हें मीं वर सांगितलेंच. पण आठवून म्हणण्यासारखें कांहीं नसल्यामुळें त्याला थांबावें लागलें नाहीं. बोलण्यास ७ श्रेणी आली.

ह्यावरून परीक्षार्थींनीं एवढें घ्यावें: पाठ केलेलें उत्तर ओळखूं येतें, तें टाळावें. प्रश्नाचें सरळ उत्तर, त्याचें एक कारण आणि स्वतःच्या घरांतील एक घडलेली गोष्ट, एवढें पहिल्या भागास पुरतें. आपण अव्यवस्थित असलों तर तसें सांगावें; त्यानें श्रेणी उणी होत नाहीं. आणि आईबापांनीं घ्यावयाचें तें असें कीं, हजारों रुपये वर्गाला व परीक्षेला मोजण्यापूर्वीं मुलाच्या हातीं त्याच्या कपाटाची किल्ली द्यावी. परदेशीं गेल्यावर ती त्याच्याच हातीं असावयाची आहे.

पुतण्या आतां तिकडे चौघांच्या सामाईक घरांत राहतो. रविवारीं फोनवर बोलतांना जाऊबाई त्याला खोली दाखवावयास सांगतात व पलंगावरील चादरीची सुरकुती इतक्या दुरून काढतात. इकडे चार वाजतां दोरीवरचे कपडे काढण्याचें काम ज्याचें त्यानें करावें असें ठरलें आहे. पहिल्या आठवड्यांत जाऊबाई त्या वेळीं उगीच दोरीपाशीं जाऊन परत येत. हल्लीं त्या चष्मा लावून कांहीं तरी वाचावयास बसतात.