कुत्र्याला कुंपण हवं की फेरी?



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईने अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाली, “कुत्र्यासाठी.” सगळ्या हसल्या. पण तिने सगळं सांगितलं तेव्हा हसू थांबलं.

ताई वस्तीवर राहते. तिच्याकडे दोन वर्षांचा कारवानी आहे. सोडला की मोटारसायकलींच्या मागे धावतो, शेजारच्या शेळ्या उधळतो. म्हणून दिवसभर साखळीला. साखळीला असला की भुंकतो, खड्डे उकरतो. परवा तर घरातल्याच लहान पुतणीवर दात काढून धावला. सासूबाई म्हणाल्या, “लांब नेऊन सोडून या त्याला.” ताईचा जीव होईना. मुलाने मोबाइलवर ‘अदृश्य कुंपण’ दाखवलं. ते बसवलं की कुत्रा मोकळा पळेल, दमेल, शांत होईल, अशी तिला आशा.

गटाचे पैसे म्हणजे सगळ्यांचे पैसे. म्हणून आम्ही आधी माहिती घेतली, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. तीच माहिती आज सांगते.

हे कुंपण म्हणजे शेतातलं झटका मशीन नव्हे. झटका मशीनची तार उघडी असते आणि तारेला हात लागला की झटका बसतो. अदृश्य कुंपणाची तार जमिनीत चार बोटं खाली पुरतात आणि तिला हात लावला तरी काही होत नाही. घरात एक छोटी पेटी विजेवर चालते. ती तारेतून रेडिओसारखा संदेश सोडते. कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात बॅटरी असते. कुत्रा तारेजवळ गेला की पट्टा आधी ‘पी पी’ वाजतो. तरी पुढे गेला तर पट्ट्याच्या दोन धातूच्या टोकांतून मानेला झटका बसतो. आणि हो, घरातली वीज कुंपणाच्या तारेला कधीही जोडू नका. त्याने माणसं आणि जनावरं मरतात.

तार पुरली की काम झालं, असंही नाही. हद्दीवर छोटी निशाणं लावायची. झटका बंद ठेवून कुत्र्याला दोरीने तिथे न्यायचं. आवाज आला की मागे वळवायचं आणि खाऊ द्यायचा. रोज दहा-पंधरा मिनिटं, असे कित्येक दिवस. हे न करता पट्टा घातला, तर झटका कुठून येतो हेच कुत्र्याला कळत नाही. मग तो अंगणात यायलाच घाबरतो.

आता आपल्याकडच्या अडचणी बघा. वीज गेली की कुंपण गेलं. नांगराने किंवा फावड्याने तार तुटली की कुंपण गेलं. पट्ट्याची बॅटरी उतरली तरी तेच. पट्टा दिवसरात्र ठेवला तर त्या टोकांनी मानेला जखम होते. त्यात कारवानी हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. ससा दिसला की तो झटका सोसून पलीकडे जाईल. पण परत येताना पुन्हा झटका बसणार, म्हणून बाहेरच थांबेल.

आणखी एक धोका आहे. रस्त्याने मूल जाताना कुत्रा पुढे धावला आणि त्याच क्षणी झटका बसला, तर कुत्रा दोष तारेला देत नाही, मुलाला देतो. आधीच गुरगुरणारा कुत्रा त्याने जास्त चिडतो. अशा कारणांनीच वेल्स देशाने २०१० साली कुत्र्या-मांजरांसाठी झटक्याच्या पट्ट्यांवर बंदी घातली.

शिवाय हे कुंपण आपल्या कुत्र्याला अडवतं, बाहेरून येणाऱ्याला नाही. पिसाळलेलं कुत्रं आत येऊ शकतं, बिबट्याही येऊ शकतो. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. रात्री कुत्रा बंद पडवीतच हवा.

पण मला सगळ्यात पटलं ते डॉक्टरांचं एक बोलणं. ते म्हणाले, “ताई, मोकळी जागा म्हणजे व्यायाम नव्हे. अंगणात एकटा सोडलेला कुत्रा थोडा वेळ पळतो आणि मग दारात येऊन बसतो. तो माणसाबरोबर पळतो, माणसाबरोबर दमतो.” आपला कायदाही हेच सांगतो. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६०, कलम ११. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा फिरवला नाही, तर तो गुन्हा आहे. आखूड किंवा जड साखळीला तासन् तास बांधणं हाही गुन्हाच.

मग करायचं काय? सकाळी उन्हाच्या आत अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, दोरी धरून फेरी. वाटेत वास घेऊ द्यायचा, त्यानेही कुत्रा दमतो. पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवायचं नाही. घरी चेंडू फेकायचा किंवा भाकरीचे तुकडे गवतात लपवून शोधायला लावायचे. बांधावंच लागलं तर दोन झाडांमध्ये डोक्यावरून तार ओढून तिच्यात कडी घालावी आणि कडीला हलकी दोरी बांधावी. कुत्र्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरता येतं. मधे दोरी अडकेल असं काही ठेवू नका. रेबीजची लस दरवर्षी द्या.

हे ऐकून ताई म्हणाली, “मला कुठला वेळ?” खरंच आहे. पाणी, स्वयंपाक, शेत, वर कुत्राही बाईनेच फिरवायचा का? आम्ही तिच्या घरी गेलो आणि वाटणी करून आलो. सकाळी मुलगा, संध्याकाळी त्याचे वडील. गटाने कर्ज दिलं, पण तारेसाठी नाही, अंगणाच्या एका बाजूला जाळी मारायला. तेही मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी.

आता दीड महिना झाला. कारवानी अजून मोटारसायकल दिसली की दोरी ओढतो, पण रात्री झोपतो. पुतणीला अजून त्याच्याजवळ एकटं सोडत नाहीत. ती जाळीबाहेरून त्याला भाकरी टाकते आणि तो शेपूट हलवतो.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर आपल्या कुत्र्याची साखळी किती हात लांब आहे, ती मोजा. आणि आज त्याला कोण फिरवणार, हे घरात विचारा.